एकाच लिंबावरच्या अळ्या, चार वेगळी फुलपाखरं

प्रश्न थोडक्यात असा. नैरोबीत राहणाऱ्या एका ताईंच्या अंगणातल्या लिंबावर त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीला पाच हिरव्या अळ्या सापडल्या. पाचही एकसारख्या. मायलेकींनी त्या जाळीच्या डब्यात वाढवल्या, पाचांचेही कोष झाले. दोन कोषांतून मोठी, फिकट पिवळी, शेपटीवाली फुलपाखरं निघाली. तिसऱ्यातून निघालं काळं-पांढरं, त्याला शेपटीच नाही. चौथं ‘मळकट पिवळं-तपकिरी, पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी न जुळणारं’. पाचव्यातून फुलपाखरू आलंच नाही, बारीक माश्यांचा थवा निघाला. ताई विचारतात : अळ्या वेगवेगळ्या जातींच्या होत्या का? चौथं फुलपाखरू आजारी होतं का? माश्या कुठून आल्या? आणि सुट्टीत पुण्याला येताना आजीला दाखवायला दोन कोष आणले तर चालतील का?

सगळ्यात आधी लेकीला सांगा, की तिची कुठेही गल्लत झालेली नाही. फोटो पाहिले. चारही फुलपाखरं एकाच जातीची आहेत : पॅपिलिओ डार्डानस, इंग्रजीत मॉकर स्वॅलोटेल. पिवळे शेपटीवाले दोन नर, उरलेल्या दोन माद्या. दक्षिण आफ्रिकेत या नराला ‘उडता रुमाल’ म्हणतात, आणि एकदा त्याला जंगलाच्या कडेने फडफडत जाताना पाहिलं की दुसरं नाव सुचतच नाही. नर केपपासून इथिओपियापर्यंत, पश्चिमेला गिनीच्या जंगलांपर्यंत, बहुतेक सगळीकडे सारखाच : साईच्या रंगाचे पंख, काळी किनार, मागच्या पंखांना शेपट्या. किनार कुठे रुंद, कुठे अरुंद, एवढाच काय तो फरक. मादीचं तसं नाही. ती गावोगाव वेगळी, आणि एकाच गावातही चार तऱ्हांची.

तुमची गल्लत झाली यात नवल काही नाही. माझीही झाली होती, आणि मी तर हे काम पोटासाठी करत होतो. केनियाच्या किनाऱ्यावर अराबुको-सोकोके जंगलाच्या काठाला गेडे नावाचं गाव आहे. १९९३पासून तिथे किपेपेओ प्रकल्प चालतो. किपेपेओ म्हणजे स्वाहिलीत फुलपाखरू. जंगलालगतचे शेतकरी फुलपाखरांच्या अळ्या वाढवतात आणि कोष परदेशातल्या फुलपाखरू-उद्यानांना विकले जातात. त्या भागात मी नवा असताना एका शेतकऱ्याकडे मुक्कामाला होतो. त्याच्या पिंजऱ्यातल्या माद्या मी रंगांवरून तीन डब्यांत वेगळ्या केल्या आणि डब्यांवर तीन जातींची नावं चिकटवली. सकाळी म्हातारा आला, चिठ्ठ्या बघून बराच वेळ काही बोलला नाही. मग तिन्ही डब्यांची झाकणं उघडून त्याने सगळ्या माद्या पुन्हा एकाच पिंजऱ्यात सोडल्या आणि मला एक पिवळा नर दाखवून म्हणाला, ‘या सगळ्या याच्या बायका.’ हाच वाद दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या विद्वानांत रंगला होता, हे मला नंतर वाचताना कळलं.

तो किस्सा सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. या फुलपाखराचं शास्त्रीय वर्णन १७७६मध्ये झालं होतं. पुढच्या शंभरेक वर्षांत युरोपातल्या संग्रहांत आफ्रिकेतून खोकी येत राहिली आणि काळी-पांढरी, तपकिरी, तांबूस फुलपाखरं वेगवेगळ्या नावांनी खणांत जाऊन बसली : हिप्पोकून, सेनिया, ट्रोफोनियस. पिवळा नर मेरोप या नावाने ओळखला जायचा. रोलंड ट्रायमेन तेव्हा केप कॉलनीत, म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेत, सरकारी नोकरी करत होता, अजून तिशीही गाठली नव्हती. त्याला एक साधी गोष्ट खटकली. मेरोपच्या खणात सगळे नर, आणि या तिन्ही ‘जातीं’च्या खणांत सगळ्या माद्या. असं कसं? १८६९मध्ये छापून आलेल्या निबंधात त्याने ठाम सांगितलं की हे सगळे एकच, आणि या माद्या दुसऱ्या, चवीला वाईट फुलपाखरांची सोंगं घेतात.

विल्यम हेविट्सन हा त्या काळचा बडा संग्राहक. त्याने याची टर उडवली. त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. मादागास्करमधली मादी नरासारखीच पिवळी, शेपटीवाली असते. मग मुख्य भूमीवर त्याच नराने भलभलत्या रूपांच्या माद्यांचा जनानखाना बाळगलाय, हे मानायला लागणारी कल्पनाशक्ती आपल्याकडे नाही, असं तो म्हणाला. पुढे त्याच्याच माणसाने फर्नांदो पो बेटावरून, म्हणजे आजच्या बियोकोवरून, मेरोप आणि हिप्पोकून यांची जोडी जुळलेल्या अवस्थेत पकडून पाठवली. आणि १८७०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅन्सेल वील याने अळ्या वाढवून एकाच खेपेतून पिवळे नर आणि वेगळ्या रंगाच्या माद्या काढून दाखवल्या. म्हणजे जे तुमच्या लेकीने जाळीच्या डब्यात केलं तेच. तो पुरावा तेव्हा निर्णायक ठरला होता.

आता सोंग कोणाचं, ते बघू. तुमच्याकडची काळी-पांढरी मादी अमाउरिस नियावियस या फुलपाखराची नक्कल आहे, इंग्रजीत त्याला फ्रायर म्हणतात. अमाउरिसच्या अळ्या रुईच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि हे फुलपाखरू पक्ष्यांना खायला कडू, अंगाला न मानवणारं. एखाद्या तरण्या पक्ष्याने एकदा चोच मारली, ओकारी काढली, की पुढे काळं-पांढरं काही संथ तरंगताना दिसलं तरी तो तोंड फिरवतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, त्यातला प्रकार. डार्डानस मात्र लिंबाच्या कुळातल्या पानांवर वाढलेली, खायला चांगली. तिने कमवलं काही नाही, अमाउरिसच्या बदनामीवर ती जगते. आयत्या बिळावर नागोबा.

सेनिया हे रूप अमाउरिसच्याच दुसऱ्या, काळसर-तपकिरी जातींसारखं, पंखांवर साईच्या रंगाचे ठिपके. दक्षिण आफ्रिकेत बहुतेक माद्या या रूपाच्या. प्लॅनेमॉइडीज हे रूप युगांडाच्या बाजूला आढळतं आणि अक्रिया गटातल्या फुलपाखरांची नक्कल करतं. ट्रोफोनियस हे तांबूस रूप मात्र मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीच्या फुलपाखराची नक्कल आहे. आपल्याकडे माळरानावर, रेल्वेरुळांच्या कडेला, रुईच्या झाडाभोवती जे नारिंगी, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पंखांचं फुलपाखरू घिरट्या घालतं, तो प्लेन टायगर. तीच जात आफ्रिकेत आफ्रिकन मोनार्क म्हणून ओळखली जाते. सोलापूरच्या रुईवरचं आणि लिम्पोपोच्या रानातलं फुलपाखरू एकच, आणि त्याची नक्कल करणारे दोन्ही खंडांत आहेत. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हेच सोंग भारतातही घेते आणि आफ्रिकेतही. नक्कल कशी जमते ते घरबसल्या बघायचं असेल तर पावसाळ्यानंतर तिच्यावर लक्ष ठेवावं.

नक्कल नुसत्या रंगाची नाही. शेपटी नाही हे तुमच्या लेकीने बरोबर टिपलं. अमाउरिसला शेपटी नसते, म्हणून या मादीलाही नाही. चालही बदलते. नर कायम घाईत, वेडावाकडा, रानवाटेच्या कडेकडेने ये-जा करत. काळी-पांढरी मादी झाडांच्या सावलीत अमाउरिससारखी पंख पसरून तरंगत जाते. हातात जाळं घेऊन वीस वर्षं फिरूनही मी उडत्या मादीला पन्नासदा फसलोय. बसल्यावर कळतं : अमाउरिस, प्लेन टायगर ही फुलपाखरं चार पायांवर उभी राहतात, पुढचे दोन पाय आखडलेले. स्वॅलोटेल सहा पायांवर. लेकीला भिंग द्या आणि पाय मोजायला सांगा.

‘मग इतकी सोंगं कशाला? एकच चांगलं घेतलं असतं!’ हा प्रश्न ती विचारेलच. बहुरूपी गावात पोलीस बनून आला तर पहिल्या दिवशी लोक दचकतात. रोज दहा बहुरूपी पोलीस बनून यायला लागले तर खऱ्या पोलिसालाही कोणी विचारणार नाही. नक्कल स्वस्त झाली की तिचा धाक जातो. खायला चांगल्या ‘फ्रायर’ जास्त झाल्या की पक्ष्यांना कळतं, काळं-पांढरं म्हणजे दरवेळी कडू असं नाही. अशा वेळी दुसऱ्याच कडू फुलपाखराचं रूप घेणाऱ्या माद्या जास्त वाचतात. म्हणून एकाच रानात तीन-चार रूपं टिकून राहतात आणि त्यांचं प्रमाण त्या त्या मूळ फुलपाखराच्या संख्येप्रमाणे वर-खाली होतं.

नर सोंग का घेत नाही, यावर मात्र जाणकारांत अजून घोळ आहे. मादी अंड्यांनी जड असते, तिला पानापानावर थांबून, पुढच्या पायांनी पान चाचपून योग्य झाड ठरवावं लागतं. अशी संथ फिरणारी पक्ष्यांच्या तावडीत जास्त सापडते, म्हणून तिला संरक्षण जास्त हवं, हा एक विचार. नराचा पिवळा रंग हे त्याचं ओळखपत्र आहे, माद्यांसाठी आणि हद्दीत घुसणाऱ्या दुसऱ्या नरांसाठी, तो बदलला तर लग्नच जमणार नाही, हा दुसरा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पिंजऱ्यात मी नरांना वाऱ्याने हलणाऱ्या पिवळ्या कागदामागे धावताना पाहिलंय. पण पिंजऱ्यातलं वागणं म्हणजे रानातलं वागणं नव्हे, हेही तितकंच खरं.

आता चौथं फुलपाखरू. ताई, ते आजारी नाही. माझ्या लेखी चारांतलं तेच सगळ्यात मोलाचं. तुम्ही नैरोबीत आहात म्हणून ते मिळालं.

नैरोबीच्या आसपास, रिफ्ट दरीच्या पूर्वेकडच्या उंच प्रदेशात, या जातीची पॉलिट्रोफस नावाची उपजात राहते. तिथे अमाउरिसची संख्या कमी. युगांडात एन्टेबेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, ती भरपूर. इंग्रज अभ्यासक ई. बी. फोर्ड याने १९३६मध्ये या दोन्ही ठिकाणांहून गोळा झालेल्या माद्यांची तुलना केली. एन्टेबेत नक्कल चुकलेल्या, धड कोणासारख्या न दिसणाऱ्या माद्या शंभरात ४ होत्या. नैरोबीजवळ शंभरात सुमारे ३२. कारण उघड आहे. जिथे खरं कडू फुलपाखरू क्वचितच दिसतं, तिथल्या पक्ष्यांना त्याची धास्तीच नाही. हुबेहूब सोंग घेतलं काय किंवा अर्धवट घेतलं काय, फायदा सारखाच शून्य. मग चाळणी लावायला कोणी उरत नाही आणि अर्धवट रूपंही तगून राहतात. एन्टेबेत पक्षी रोज चाळणी लावतात, जरा चुकलेली मादी लवकर टिपली जाते.

तुमचं मळकट फुलपाखरू हे त्या चाळणीतून सुटलेलं रूप. पुस्तकात चित्र नसणारच. पुस्तकवाले ठळक रूपं छापतात, मधली अधली गाळतात. त्याचा फोटो पंख पूर्ण उघडे असताना वरून एक आणि पंख मिटलेले असताना बाजूने एक, असा काढून तारीख, ठिकाण लिहून ठेवा. असे दोन्ही फोटो घ्यायचे राहिले असतील आणि ते सोडून दिलं असेल तर हळहळू नका, त्या लिंबावर पुन्हा येतील.

शाळेत शिकवलेल्या आनुवंशिकतेत हे कसं बसतं, तेही सांगतो, कारण एकाच झाडावरच्या अळ्यांतून दोन तऱ्हांच्या माद्या कशा, हे कोडं त्याशिवाय सुटत नाही. १९५०-६०च्या दशकांत लिव्हरपूलला सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतल्या डार्डानसचे संकर करून पाहिले. क्लार्क व्यवसायाने डॉक्टर, फुलपाखरं हा त्याचा घरचा नाद. पिंजऱ्यात ही फुलपाखरं सहज जुळत नाहीत, तेव्हा त्याने हाताने जोड लावण्याची रीत बसवली. मी ती शिकलोय, म्हणून नीट सांगू शकतो. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत नराचे चारही पंख पाठीवर मिटून धरायचे. उजव्या हातात मादी तशीच. नराच्या पोटाच्या टोकाला दोन झडपा असतात. दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं की त्या दाराच्या फळ्यांसारख्या उघडतात. मग मादीच्या पोटाचं टोक त्यांत थोडं तिरकं टेकवायचं आणि श्वास रोखून थांबायचं. पकड बसली की नराचं पोट आकसल्याचं बोटांना जाणवतं. त्यानंतर दोघांना एका काडीवर टेकवून हात काढून घ्यायचा. तासभर तशीच राहतात. पहिल्या आठवड्यात माझ्या दहांतल्या नऊ जोड्या फिसकटल्या. घामेजलेल्या बोटांना पंखांचे खवले चिकटतात आणि मादी निसटते. शेतकऱ्याची सून गव्हाचं पीठ बोटांना लावून एका दमात जोड लावायची.

या संकरांतून दिसलं ते असं : मादीचं रूप जवळपास एकाच जागी बसलेल्या जनुकावर ठरतं, आणि त्या जागेची दहापेक्षा जास्त रूपांतरं आहेत. त्यांच्यात वरचढपणाची उतरंड असते. काळं-पांढरं हिप्पोकून सगळ्यात खाली : आई आणि बाप दोघांकडून तेच आलं तरच दिसतं. नराकडेही हे जनुक असतं पण त्याच्या अंगावर उमटत नाही. म्हणजे तुमच्या पिवळ्या नरांपैकी एक पोटात ‘काळं-पांढरं’ बाळगून असेल आणि दुसरा ‘सेनिया’, बघून काही कळणार नाही. सगळ्या अळ्या एकाच आईच्या असतील तर तिने पत्ते वाटावेत तसं एका मुलीला एक जनुक दिलं, दुसरीला दुसरं. आईचं स्वतःचं रूप कोणतं होतं ते माहीत नसेल तर यापुढे जाता येत नाही.

क्लार्क-शेपर्डना आणखी एक गंमत दिसली. एकाच भागातली दोन रूपं जुळवली तर पिल्लं या नाहीतर त्या रूपाची, मधलं काही नाही. पण दोन दूरच्या भागांतली जुळवली, की उतरंड विस्कटते आणि मुली अर्धवट, धुरकट निघतात. म्हणजे मुख्य कळ एक असली तरी ती नीट चालावी म्हणून बाकीचे बारीकसारीक जनुक त्या त्या भागात पिढ्यानपिढ्या घासूनपुसून जमवलेले असतात. शेपटीचा मामला तर वेगळ्याच जनुकाचा. इथिओपियातल्या माद्या बहुतांश नरासारख्या, आणि ज्या थोड्या सोंग घेतात त्यांनाही शेपट्या असतात. त्यांचा बिनशेपटीच्या माद्यांच्या कुळाशी संकर केला तर शेपट्या आखूड निघतात.

ती कळ कोणती, हे अलीकडे कळलं. २००८मध्ये संशोधकांनी ती इन्ग्रेल्ड नावाच्या जनुकाच्या परिसरात शोधली. पुढच्या कामात दिसलं की काही रूपांत त्या भागातला डीएनएचा तुकडा उलटा बसलेला आहे. तुकडा उलटला की आई-बापाच्या गुणसूत्रांत देवाणघेवाण होत नाही आणि नकलेचे घटक एका गठ्ठ्यात राहतात. सगळ्याच रूपांत मात्र असा उलटा तुकडा नाही, त्यामुळे हे प्रकरण मिटलेलं नाही.

जाता जाता एक. क्लार्कचं फुलपाखरांचं वेड दवाखान्यातही उपयोगी पडलं. फुलपाखरांतले एकमेकांना चिकटलेले जनुक अभ्यासताना त्याला माणसाच्या आरएच रक्तगटाची रचना तशीच वाटली, आणि त्याचा गट त्या प्रश्नाकडे वळला. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत जे अँटी-डीचं इंजेक्शन देतात, त्यामागच्या संशोधनात लिव्हरपूलच्या या गटाचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे ज्या घरात हे इंजेक्शन दिलं गेलंय त्यांनी फुलपाखरांच्या नादाला रिकामटेकडा उद्योग म्हणू नये.

पाचव्या कोषाकडे येऊ. त्या माश्या म्हणजे परजीवी गांधीलमाश्या, मुंगीहूनही बारीक, उन्हात धरल्या तर धातूसारख्या चमकतात. अळीने शेवटची कात टाकली की कोषाचं कवच काही तास ओलं, मऊ असतं. त्याच वेळी ही माशी त्यावर बसून आत अंडी घालते. काही तर आधीपासूनच अळीच्या अंगावर वाट बघत बसलेल्या असतात. दोन-तीन आठवड्यांनी आतलं सगळं खाऊन डझनावारी माश्या एका टाचणीएवढ्या भोकातून बाहेर पडतात. रिकामा कोष हातात घेऊन बघा, भोक सापडेल. यात लेकीचा काही दोष नाही. पुढच्या वेळी मात्र अळी खाणं सोडून काडीवर घट्ट बसली, की डबा मलमलच्या कापडाने झाका. साधी जाळी पुरत नाही, माशी तीतून आरामात जाते. कोष पक्का झाला, हाताला कडक लागला, की धोका टळला.

आणि अळ्या झाडावरून काढताना लहान असतानाच काढा. लहानपणी त्या तपकिरी आणि पांढऱ्या, पानावर पडलेल्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात. शेवटच्या टप्प्यात हिरव्या होतात. तोपर्यंत माशीने त्यांना गाठायची शक्यता वाढलेली असते. अंडी फिकट पिवळी, मोहरीपेक्षा लहान, पानावर एकेकटी घातलेली. जमलं तर अंड्यापासूनच सुरुवात करा. अळीला डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. घाबरू नका, तो तिचा बचाव आहे. पानं तुमच्या झाडाचीच द्या. नर्सरीतून आणलेल्या रोपात कीटकनाशक मुरलेलं असतं, धुतलं तरी जात नाही, आणि अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून लोंबतात. माझ्या एका मोसमातल्या चाळीस अळ्या अशाच गेल्या, तेव्हापासून मी विकतचं लिंबू अळ्यांच्या जवळही येऊ देत नाही. लिंबाची पानं कमी पडली तर तुमच्या भागात क्लॉसेना, टेक्लिया ही रानझुडपं मिळतात. रस्त्याकडेला गुलाबी फुलांनी डवरणारा केप चेस्टनट असतो, त्याचीही पानं चालतात. ही सगळी लिंबाच्या कुळातलीच. टोडालिया नावाची काटेरी वेल सापडली तर तीही. ती आपल्या सह्याद्रीतही आहे.

नर की मादी हे आधी कळतं का? कोष फुटायच्या आदल्या दिवशी कवच पारदर्शक होतं आणि पंख आतून दिसायला लागतात. साईचा पिवळा दिसला तर नर, काळा-पांढरा किंवा तपकिरी दिसला तर मादी. त्या दिवशी लेकीला शाळेला दांडी मारू द्या की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. बहुधा सकाळीच बाहेर येतं. पंख तेव्हा चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे असतात. ते लोंबत राहायला हवं. म्हणून डब्यात खरखरीत काडी उभी लावा, गुळगुळीत प्लास्टिकवर पाय घसरला तर पंख वाकडेच वाळतात, मग उडता येत नाही.

शेवटचा प्रश्न, पुण्याला कोष. नाही. जिवंत कीटक भारतात आणायला २००३च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली परवाना लागतो, आणि केनियातून जिवंत वन्यजीव बाहेर काढायलाही तिथली परवानगी हवी. विमानतळावर अडवलं तर ठीक, पण न अडवता कोष पोहोचले आणि त्यांतून माश्या निघाल्या तर? तुम्ही स्वतःच पाहिलंय काय निघतं ते.

आजींना त्याची गरजही नाही. त्यांच्या गच्चीत कढीपत्त्याची कुंडी असेल. पावसाळ्यात तिच्या पानांवर शिटेसारखी दिसणारी अळी सापडली तर बहुधा ती कॉमन मॉर्मनची असेल, मराठीत त्याला बहुरूपी असंच नाव दिलंय. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ. मादी तीन तऱ्हांची. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोज या विषारी फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमसन रोजसारखी, लाल ठिपके मिरवणारी. पुण्यात कॉमन रोज भरपूर असल्यामुळे दुसरी सहज दिसते. आणि इथे सोंगाची कळ दुसऱ्याच जनुकात आहे, डबलसेक्स नावाच्या. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या कृष्णमेघ कुंटे यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१४मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे नैरोबीच्या लिंबावर आणि पुण्याच्या कढीपत्त्यावर सोंग एकसारखं, पण ते उभं करणारी यंत्रणा वेगळी.

तर लेकीने आजीला व्हिडिओ कॉल लावावा, आजीने चष्मा लावून कढीपत्त्याची पानं उलटीपालटी करून बघावीत. पाच अळ्या मिळाल्या तर पाच वेगळ्या बरण्या, प्रत्येकीवर तारीख. मलमल विसरू नका.